भरला डबा

सुंदरानं डबा उघडला अन् तशीच उभी राह्यली. भाकर जशीच्या तशी. वांग्याची भाजी जशीच्या तशी, तेल वर येऊन बसलेलं. ठेच्याले बोटबी लागलं नोतं.

"बाई, भन्ते जेवलेच नाई वं," थे मले म्हने.

"नसीन भूक. म्हातारं मानूस आहे," मी म्हनलं. "पावसापान्यात कोनाचं पोट बिघडत नाई?"

म्हनलं खरं, पन मलेबी कसंतरीच वाटलं. अख्खा डबा वापस येते म्हंजे काय! एखादा घास मोडून ठेवला असता तं मनाले समजावता आलं असतं.

सुंदरा म्हंजे माही लहान जाऊ. एकाच घराचे दोन दरवाजे. एकीकडे मी, एकटी. दुसरीकडे थे अन् तिचा नवरा देवमन. त्याइची पोरगी पायल परतवाड्याले खोली करून राह्यते, नर्सिंग शिकते. माहा नवरा गेला तवापासून ह्या देरानं मले कदी परकं समजलं नाई, हे आंधीच सांगून ठेवते. मंग मी त्याच्या बाजूनं बोलली तं कोनी तोंड वाकडं करू नोका.

अन् भन्ते म्हंजे लंकेचे भन्ते. तठी थे शायेत इंग्रजीचे मास्तर होते म्हनते. मंग चिवर घेतलं, अन् म्हातारपनी धम्माच्या कामाले समुद्र ओलांडून आमच्या देशात आले. वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात मुक्काम. उंच, काये, पायाच्या काड्या झालेल्या, अन् हासले की लहान लेकरावानी. मराठी येत नाई. हिंदी येत नाई. आता धम्म सांगाचा तं कशात सांगाचा? म्हून त्याइनं सुट्टीत घरी आलेल्या पायलच्या तोंडून सांगितलं, पयले तुमाले थोडं इंग्रजी शिकवतो, मंग आपन बोलू.

डोमाजी आमच्या विहार कमेटीचा अध्यक्ष. एसटीत कंडक्टर होता, त्याच्यानं त्याले अजूनबी सबन गाव आपल्या गाडीत बसलं आहे असं वाटते. थो म्हने, "बाप्पा, हा तं लयच फेऱ्याचा रस्ता झाला!"

पन आमी बाया जाऊन राहिलो ना. दिवसभर खुशालरावच्या सोयाबीनात निंदन कराचं, संध्याकायी पाय धुवाचे अन् विहारात जाऊन बसाचं. नखातली माती निंगत नसे, थेच हात जोडून पंचशील घ्याचं अन् मंग इंग्रजी. आय ॲम ईटिंग. आय ॲम वॉशिंग. भन्तेले वाटलं, हे ह्या बायाइले जड जाईन. काहाचं जड! मी खाऊन राहिली, मी धुवून राहिली. पुन्याच्या बायाइले जड जात असन, आमी तं जल्मापासून असंच बोलून राहिलो.

अडलं फक्त एका जागी. भन्तेनं शिकवलं, निंगताना म्हनाचं, आय ॲम गोइंग. डोमाजीची बायको सुभद्रा फट्‌कन बोलली, "हे काय अभद्र! उंबरठ्यावरून जातो म्हनते का कोनी? येतो म्हनावं." साऱ्याइले पटलं. तवापासून आमी निंगताना एका सुरात म्हनो, "आय ॲम कमिंग, भन्ते!" भन्ते मान हालवत. दुसऱ्या दिवशी आमी येतच होतो, त्याच्यानं त्याइलेबी काही वावगं वाटलं नसन.

भोजनदानाचे नंबर लागले होते. एकेका घरी तीन-तीन दिवस. भन्ते दिवसातून एकडावच जेवे, थेबी बाराच्या आंधी. बारा वाजले की संपलं, मंग पान्याशिवाय काही नाई. सकायी डोमाजीच्या घरून बिनसाखरेचा काया चहा जाये, थोच काय थो आधार. आधीच्या घरच्या बायाइनं ताट वाढलं, समोर बसून जेवू घातलं. पन तवा झड लागून होती, कामं बंद होती. सुंदराचा नंबर आला अन् उघाड पडली. तन कमरेले आलेलं. खुशालरावचा छोटा हत्ती टेम्पो सकायीच रस्त्यावर उभा राहून भोंगा वाजवे, अन् जो मजूर उशिरा येईन त्याच्यासाठी थांबे नाई.

म्हून सुंदरा काय करे, पहाटे सयपाक, डबा भराचा, पयत विहारात जाचं, स्टुलावर डबा ठेवाचा, तीनदा वंदन कराचं. मंग आपल्या नवीन इंग्रजीत तोऱ्यात म्हनाचं, "आय ॲम कमिंग, भन्ते," अन् पदर खोचून गाडीकडे. डबा हातात नाई दे. त्याचं कारन मले माईत होतं. देवमन खुशालरावच्या संत्र्याच्या बगिच्यात फवारा मारे. फयगयतीचे दिवस, कच्ची संत्री गयून पडत, म्हून रोज पाठीवर पंप. त्याचे कपडे सुंदरा धुवे. साबन लावा, राख लावा, चिंच लावा, हाताचा वास जात नोता. "असा हात भन्तेच्या पुढे कसा करू वं?" थे म्हने.

दुसऱ्या दिवशी तिनं भाताले तूप घातलं, वरनाले लसनाची फोडनी देली, पापड भाजले. संध्याकायी वर्गाले गेलो तं डबा स्टुलावर. उचलला तं जड. सुंदराचं तोंड एवढंसं झालं. तिनं धीर करून विचारलं, "फूड, भन्ते?" भन्ते हासले, हात हालवला, काही तरी बोलले, त्यातलं आमाले "टुमारो" एवढंच समजलं. त्या दिवशी थे बसूनच शिकवत होते. खडू दोनदा हातातून पडला.

घरी येऊन तिनं थो भात बकरीपुढे ओतला. देवमन दारात बसला होता. त्यानं पाह्यलं.

"आजबी?"

"आजबी."

थो दारातूनच बकरीचं खानं पाहत राह्यला. मंग म्हने, "मले माईत आहे थे काहून जेवत नाई."

"काहून?"

"मी दिवसभर काय करतो? पंप मारतो. किती किडे मरते? संध्याकायी अठी येऊन हात जोडून म्हनतो, जीवहिंसा करनार नाई. भन्ते काय आंधये आहे का? माह्या घरचं अन्न त्याइच्या गयाखाली उतरत नाई."

"अवं माय!" मी म्हनलं. "अरे गा, मंग अख्ख्या गावाचं कसं उतरलं? कापसाले फवारा कोन मारत नाई?"

"थे आपल्या वावरात मारते. मी रोजीनं मारतो."

आता ह्या बोलन्याले काय म्हनाचं, सांगा! मले रागच आला. पन सुंदरा आत गेली तशी त्यानं आपल्या ताटातली भाकर हातात घेतली, मोडली, अन् थेबी बकरीले टाकली. मले वाटलं पोट दुखत असन. दुसऱ्या दिवशी सकायी चहासंगं बुडवाले टोस्ट देला, थोबी तसाच ठेवला, तवा समजलं. भन्ते जेवत नाई म्हून हा बी जेवत नोता. उपाशीपोटी पाठीवर फवाऱ्याचा पंप, अन् वरतून ऊन. मी म्हनलं, "मरशीन नं बे!" थो म्हने, "वयनी, सुंदराले सांगू नोको."

तिसऱ्या दिवशी सुंदरानं पुरनपोई केली. सन नाई, वार नाई. पहाटे उठून पुरन वाटलं, पोया लाटल्या, पोयाइच्या मदे तुपाची धार सोडली. डब्याचं झाकन लावताना तिचे डोये भरून आले होते. मले म्हने, "आज तं खातीन ना वं?" मी म्हनलं, "न खाऊन सांगतीन कोनाले!" डबा ठेवला, वंदन केलं. भन्ते भिंतीले टेकून बसले होते, त्याइनं हात उचलून आशीर्वाद देला. गाडीचा भोंगा वाजला. "आय ॲम कमिंग, भन्ते," सुंदरा म्हने अन् आमी पयालो.

दुपारी आमी सोयाबीनात वाकून होतो तवा माह्या कमरेतला मोबाईल वाजला. डोमाजी. "पंचफुला, भन्ते पडले! बोलून नाई राहिले! डबा कोनाचा होता?"

मी सुंदराकडे पाह्यलं. तिच्या हातातला निंदाचा इया खाली पडला.

देवमन बाजूच्या बगिच्यात होता. आवाज देला तं तसाच धावत आला, पंप पाठीवरच, चड्डी-बनियन निय्या औषदानं भिजलेलं. तसाच आमच्यासंगं विहारात घुसला. अन् तठी उभी असलेली सबन मानसं त्याच्याकडे पाहून राहिली. त्याच्याकडे, मंग स्टुलावरच्या डब्याकडे, मंग पुन्हा त्याच्याकडे.

सुभद्रा डब्याजवय गेली, नाकाले पदर लावून वाकली. "औषदाचा वास येते," थे म्हने.

"वास त्याच्या अंगाचा येते," मी म्हनलं. "डब्याचं झाकन तं उघडलं बी नाई तुनं."

"उघडूच नोका!" डोमाजी ओरडला. "जसा आहे तसा दवाखान्यात नेऊ. परदेशी मानूस आहे. काही झालं तं पोलीस येतीन, लंकेतून फोन येईन. मी काय सांगू? कोनाच्या हातचं खाल्लं म्हनू?"

"दोन दिवस तं थे जेवलेच नाई भाऊ," सुंदरा म्हने.

"आज पुरनपोई होती ना? आज खाल्ली असन," सुभद्रा म्हने.

भन्तेले ऑटोत घातलं. अंग घामानं चिंब, गार. डोमाजीनं डबा पिशवीत बांधला अन् मांडीवर घेतला. सुंदरा चढली, मी चढली. देवमननं पाय टाकला तं डोमाजी म्हने, "तू नोको बसू. अंगाले वास येते, भन्तेले अजून त्रास होईन." देवमन खाली उतरला. पंप पाठीवरून काढून झाडाले टेकवला अन् बस स्टॉपकडे चालाले लागला. आमचा ऑटो त्याच्या बाजूनं गेला तवा त्यानं मान वर केली नाई.

अचलपूर येईपर्यंत सुंदरा एकच बोलत होती, "कपडे मी अलग बादलीत धुते वं. परातीले हात लावाच्या आंधी राखेनं घासते. घासते ना मी? तू पाह्यलं ना?"

"पाह्यलं," मी म्हनो. मंग पुन्हा थेच. खरं सांगू? मलेबी भेव वाटलं. एखाद्या दिवशी चुकून... असं मनात आलं, अन् मीच मले शिवी देली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीनबाई होत्या, तरन्याच. बोटाले सुई टोचली, मशीनवर पाह्यलं, अन् धावपय सुरू झाली. सलाईन लागलं. आमाले बाहेर काढलं. पायल बाजूच्या परतवाड्याच्या कॉलेजातून तशीच आली, पांढऱ्या ड्रेसवर. मागून देवमन आला. वाटेत घरी अंग धुवून, कपडे बदलून आलता म्हने, तरी भिताडाले लागून दूर उभा राह्यला, कोनाच्या जवय येईना.

डॉक्टरीनबाई बाहेर आल्या. डोमाजीनं पिशवी पुढे केली. "म्याडम, हे त्याइनं खाल्लं. यात काही औषदाचं... म्हंजे फवारनीचं... तपासून पाहा. आमची कोनावर तक्रार नाई, पन पाहा."

सुंदरानं डोये मिटले.

बाईनं डबा उघडला. पुरनपोया. तुपाची धार मदे थिजलेली, घडी बी मोडली नोती. खालच्या कप्प्यात कटाची आमटी काठोकाठ.

"हे खाल्लं कोणी?" बाई म्हनल्या. "डबा तर भरलेला आहे. त्यांच्या पोटात काहीच नाही हो. शुगरची गोळी घेतात ना ते? गोळी घेतली आणि जेवलेच नाहीत, एक दिवस नाही, दोन-तीन दिवस. साखर पार खाली गेली होती. विष-बिष काही नाही. आता डोळे उघडलेत त्यांनी."

मी तठीच खाली बसली. डोमाजीनं डब्यात एकडाव पाह्यलं, अन् लहान तोंड करून झाकन लावाले लागला, थे त्याले लागेच ना. देवमन भिताडाजवय तोंड फिरवून उभा होता अन् त्याचे खांदे हालत होते.

पन सुंदरा हासली नाई, रडली नाई. थे उठली अन् सरय आतमदे गेली. पायलले हाताले धरून नेलं. "विचार त्याइले. माह्या घरचं काहून नाई खाल्लं? उपाशी मराले तयार झाले, पन माही भाकर नाई खाल्ली. काय पाप केलं आमी? विचार!"

"आई, आताच तं..."

"विचार!"

पायलनं विचारलं. भन्ते उशीवर डोकं टेकून होते, तोंडात आवाज नोता. हयू हयू बोलले. पायल ऐकत होती, तिच्या भिवया वर गेल्या, मंग तिनं पुन्हा काही विचारलं, भन्तेनं पुन्हा सांगितलं. अन् पोरगी तोंडाले ओढनी लावून हासाले लागली, हासता हासता डोयाले पानी.

"काय वं? हासाचं काय आहे?" मी म्हनलं.

"मोठी माय, भन्ते म्हनते, जेवन हातात दिल्याशिवाय आमाले घेता येत नाई. नियम आहे त्याइचा. समोर ठेवलं असलं तरी उचलता येत नाई, कोनी हातात द्याच लागते. आई डबा ठेवे अन् म्हने, आय ॲम कमिंग. म्हंजे, मी येऊन राहिली. भन्तेले वाटलं, बाई काही तरी आनाले गेली, वापस येईन अन् वाढीन. म्हून थे वाट पाहत. बारा वाजत. मंग खाता येत नाई. तिनी दिवस तसंच."

"अन् तुमाले नाई सांगता आलं, भन्ते?" मी मराठीतच बोंबलली. पायलनं सांगितलं. थे म्हनले, भिक्खूनं मांगाचं नसते. अन् बाईनं येतो म्हनलं होतं, रोज मनापासून म्हनलं होतं.

डोमाजी दारात उभा होता. त्याच्या तोंडून निंगलं, "अरे बाप्पा! आपन येतो म्हनून जातो, हे त्याइले कोनी सांगितलंच नाई!" अन् मंग आमी साऱ्या इतक्या हासलो का नर्सबाई रागवाले आली. सुंदरा पदरात तोंड घालून हासत होती का रडत होती, मले समजलं नाई. दोनीबी असन.

त्या दिवशी भन्तेनं काही खाल्लं नाई, बारा टयून गेले होते. सलाईन औषद आहे, थे चालते म्हने. रात्री आमी पायलच्या खोलीवर राह्यलो. सकायी सुंदरानं तठीच गॅसवर ज्वारीची भाकर केली, मुगाचं वरन केलं, मेथीची भाजी केली. डब्यात मावेना म्हून उरलेल्या भाकरी फडक्यात बांधल्या.

दवाखान्यात भन्ते उठून बसले होते. सुंदरा आली, अन् आदतीनं डबा स्टुलावर ठेवला. मागं सरकली, हात पदराखाली.

भन्ते डब्याकडे पाहत राह्यले. मंग तिच्याकडे पाह्यलं.

"आई, हातात दे न!" पायल म्हने.

"वास येते न वं हाताले," सुंदरा म्हने. पुढे होईच ना.

तवा देवमन दारातून आत आला. भन्तेच्या खाटेपासून चार हात दूर उभा राह्यला, अन् पायलले म्हने, "विचार त्याइले. मी बगिच्यात फवारा मारतो. रोजीनं मारतो. हजारो किडे मारतो. माह्या हातचं चालीन का? नाई म्हनतीन तं नाई. पन विचार."

पायलनं अडखयत विचारलं. मले वाटलं, आता भन्ते पंचशील सांगतीन, शिकवन देतीन. भन्तेनं ऐकलं. मंग देवमनकडे पाहून काही विचारलं.

"काय म्हनते?" देवमन म्हने.

"थे म्हनते, मले तं माईतच नोतं तुमी काय काम करता," पायल म्हने. "अन् विचारते, फवारताना नाकातोंडाले काही बांधता का?"

"नाई," देवमन म्हने. मालक काही देत नसे अन् हा मांगत नसे.

भन्तेनं मान हालवली, जशी मास्तर चुकलेल्या पोराले पाहून हालवते तशी. मंग डोमाजीनं विहारातून आनून देलेलं आपलं भिक्षापात्र दोनी हातानं उचललं अन् देवमनच्या पुढे धरलं. धरूनच राह्यले.

देवमननं डबा उचलला. सुंदराकडे पाह्यलं. थे पुढे झाली, तिनंबी पदराखालून हात काढले अन् डब्याले लावले. दोघाइनं मियून भाकर पात्रात ठेवली, वरतून भाजी, वरन. भन्तेनं घास मोडला. खाल्ला. दुसरा मोडला. डोमाजी खिडकीतून घड्याय पाहून राहिला होता, बाराले लय वेय होता, तरी म्हने, "जेवा भन्ते, जेवा, घाई करू नोका." इंग्रजीत सांगाचं भानच राह्यलं नाई त्याले.

देवमन बाहेर गेला. मी मागं गेली. वऱ्हांड्यातल्या बाकावर बसला होता, फडक्यातली भाकर सोडून मांडीवर घेतली होती, अन् कोरडीच खात होता. गपागपा. एक संपली, दुसरी घेतली. आतून सुंदरा वरनाची वाटी घेऊन आली, त्याले पाहून थबकली.

"अवं, हा तं असा खाऊन राहिला जसा कदी जेवलाच नाई!"

"जेवलाच नाई थो," मी म्हनलं. "भन्ते जेवत नाई तवापासून."

सुंदरानं वाटी त्याच्याजवय ठेवली, मंग उचलली, अन् त्याच्या हातात देली.

"हे घे. अन् उद्यापासून नाक बांधजो. भन्तेनं सांगितलं आहे."

"बांधीन न," थो म्हने, तोंडात घास होता. "बांधीन. पन आता पोटभर जेवू दे वं."